तैलरंगात तांबे

मुंबईत पायधुणीजवळ तांबाकाटा या नावाने जो भाग ओळखला जातो तेथून भुलेश्वर आणि ठाकुरद्वार ओलांडून गिरगावच्या वाड्यांपर्यंत, आणि पुढे परळ-लालबागच्या चाळींपासून दादरच्या बिऱ्हाडांपर्यंत जो मराठी संसार पिढ्यान् पिढ्या नांदत आला, त्याच्या मिळकतीत तांब्याच्या भांड्यांचे स्थान सोन्याचांदीच्या खालोखाल होते. मोरीतला हंडा आणि कळशी, अंघोळीचे घंगाळ, पहाटे कोळसे घालून पेटवायचा पाण्याचा बंब, देवघरातील ताम्हण, पंचपात्र आणि पळी, अभिषेकाची गळती, ही सारी मंडळी घरोघर असत. चिंच, आमसूल किंवा लिंबू-मीठ लावून ती घासण्याचे काम घरच्या बायकांच्या नित्यक्रमात असे. आणि चाळीच्या सज्जातून तिरपा आत येणारा उजेड नुकत्याच घासलेल्या हंड्यावर पडला, की खोलीचा तो अंधारा कोपरा पेटल्यासारखा दिसे. इतकी परिचयाची ही वस्तू चित्रात मात्र सहसा साधत नाही. हौशी मंडळांच्या आणि विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनांत तैलरंगात काढलेली तांब्याची भांडी पाहावीत, तर पुष्कळशी भाजलेल्या मातीची वाटतात आणि काही पितळेची. घाट बरोबर असतो, कड नेटकी असते, सावलीही योग्य जागी पडलेली असते, पण धातू दिसत नाही. हा दोष हाताचा नसून पाहण्याच्या सवयीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तेच येथे जरा विस्ताराने मांडावयाचे आहे.

तैलरंगाची विद्या मुंबईत रुजली ती सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेमुळे. समोर मांडलेली वस्तू जशी दिसते तशी, छायाप्रकाशासह उतरवण्याचा यथार्थदर्शनाचा दस्तूर तेथे पडला, आणि त्या दस्तुरातूनच महादेव विश्वनाथ धुरंधरांसारखे चित्रकार घडले. ते १८९० मध्ये तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले, पुढे तेथेच अध्यापक झाले आणि त्या दीर्घ सहवासाचा वृत्तांत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवला. १८९१ साली त्याच आवारात गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीचे वर्ग निघाले व त्यांत धातूकामही शिकवले जाऊ लागले. म्हणजे एकाच कुंपणाच्या आत कोणी तांब्याच्या पत्र्यावर ठोके घालून घाट उठवीत होते आणि कोणी सपाट कापडावर रंगाने घाटाचा आभास उत्पन्न करीत होते. या दोन विद्यांचा संबंध वरवर वाटतो त्याहून फार निकटचा आहे, कारण तांबटाच्या हातोडीने पृष्ठभागाला जे वळण दिले असेल त्याच वळणाच्या हुकमाने उजेड त्यावरून परततो, आणि चित्रकाराला रंगवायचा असतो तो हा परतलेला उजेड.

येथे पदार्थविज्ञानाचा थोडा आधार घेतला पाहिजे. सावंतवाडीच्या लाखकाम केलेल्या तांबड्या खेळण्यावर खिडकीतून उजेड पडला, तर त्या उजेडाचे दोन भाग होतात. एक लहानसा भाग वरच्या गुळगुळीत झिलईवरून जसाच्या तसा परततो. म्हणून तांबड्या खेळण्यावरची चकाकीची टिकली पांढरीच दिसते. उरलेला भाग रंगाच्या थरात शिरतो, तेथे इतस्ततः विखुरला जातो आणि तांबडा होऊन सर्व दिशांना बाहेर पडतो. आपण ज्याला खेळण्याचा रंग म्हणतो तो हा. धातूमध्ये हा दुसरा व्यापारच नाही. प्रकाश धातूत शिरून बाहेर पडत नाही. तो पृष्ठभागावरूनच मागे फिरतो आणि मागे फिरता फिरताच रंगून येतो. तांब्याच्या अणूंतील काही इलेक्ट्रॉन हिरव्या-निळ्या प्रकाशाची शक्ती शोषून वरच्या पातळीवर जातात, त्यामुळे वर्णपटाच्या निळ्या टोकाचा जेमतेम अर्धा प्रकाश परत येतो, तर तांबड्या टोकाचा नऊदशांशाहून अधिक. ही सीमारेषा साधारणपणे ५७० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळ्या प्रकाशाच्या जागी पडते. सोन्यात ती अलीकडे, निळ्या-हिरव्याच्या संधीवर सरकते, म्हणून सोने पिवळे. चांदीत ती दृश्य प्रकाशाच्या पलीकडे जाते, म्हणून चांदी पांढरी.

यातून चित्रकाराने घ्यावयाचा बोध असा, की चकचकीत तांब्याला स्वतःचा असा अंगरंग नसतो; त्याच्यापाशी एक रंगीत आरसा असतो. आरशात जे दिसते त्यातील निळे-हिरवे अर्ध्यावर आणून तो ते आपल्यापुढे ठेवतो. पांढरी भिंत त्यात गुलाबीसर नारिंगी होते. खिडकीबाहेरचे निळे आकाश त्यात निळे राहत नाही, जांभळट करडे होते. कुंडीतल्या तुळशीचा हिरवा रंग त्यात शेवाळी, जवळजवळ मातकट होतो. शेजारी ठेवलेले तांबडे वस्त्र मात्र फारसे न बदलता, उलट अधिक तेजाने उठते. आणि खोलीतला अंधार, दाराआडचा किंवा पलंगाखालचा, त्यात अंधारच राहतो. म्हणून चमकत्या हंड्यावर अगदी काळपट तपकिरी पट्टा आणि लखलखीत उजळ पट्टा एकमेकांना खेटून बसलेले दिसतात, मध्ये कसलाही हळुवार उतार नसतो. मातीच्या घड्यावर उजेडापासून सावलीकडे जाताना छटा पायरीपायरीने उतरते. तांब्याच्या घड्यावर ती उडी मारते. नवशिका चित्रकार ही उडी पाहतो, पण तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. घडा गोल आहे हे त्याला ठाऊक असते, गोलाला हळुवार छाया द्यावी असे त्याला शिकवलेले असते, सबब तो पट्ट्यांच्या कडा चोळून मऊ करतो, आणि त्याच क्षणी धातूची माती होते.

तांब्याच्या चित्रणात रंगाच्या आधी छटेचा, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्यांचा, विचार करावा लागतो तो याचसाठी. तैलरंगातील उत्तम पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे नऊदशांश भाग परत पाठवतो आणि काळा रंग शेकडा तीन-चार. म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांत जेमतेम पंचवीस-तीस पटींचे अंतर चित्रकाराच्या हाती असते. प्रत्यक्षात मात्र हंड्यावर उमटलेली खिडकी आणि त्याच हंड्याच्या पोटाखालचा अंधार यांत शेकडो पटींचा फरक असू शकतो. एवढी मोठी रक्कम एवढ्या लहान पिशवीत बसवायची, तर बाकीच्या खर्चाला कात्री लावल्यावाचून गत्यंतर नाही. सगळे चित्र थोडे खालच्या सुरात लावावे, भांड्याचा मध्यम भाग डोळ्यांना वाटतो त्याहून गडद ठेवावा, आणि पांढऱ्याच्या जवळचा रंग केवळ एकदोन जागांसाठी राखून ठेवावा. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल; ते जलरंगातील आहे आणि त्यात तांब्याचा विषयही नाही, परंतु हे तत्त्व त्याच्याइतके उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल. ती ज्योत प्रखर वाटते ती भोवतालच्या संयत अंधारामुळे. कागद तर प्रत्येक चित्राचा सारखाच पांढरा असतो.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ. तांब्याची एक घागर घ्यावी, लहानशी, घाटदार. आमसूल लावून घासावी, स्वच्छ धुऊन कोरड्या फडक्याने पुसावी. खटाईने नुकते घासलेले तांबे गुलाबी आणि किंचित मुके दिसते, कारण खटाईने वरचा मळ जातो पण चकाकी पूर्ण येत नाही. कोरड्या मऊ कापडाने बराच वेळ चोळल्यावर ती येते. घागर लाकडी पाटावर ठेवावी आणि मागे निळसर हिरव्या किंवा करड्या रंगाचे जुने लुगडे सोडावे. नारिंगी रंगाच्या शेजारी निळा-हिरवा आला म्हणजे दोघेही अधिक तेजस्वी वाटतात; गोब्लँच्या कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख असलेल्या शेव्रोल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली या परिणामाचे नियम ग्रंथरूपाने मांडले. उजेड एकाच बाजूने यावा. गिरगावच्या चाळीतली खोली या कामासाठी मोठी सोयीची, कारण सज्जाच्या बाजूने उजेड आणि आत काळोख अशी तिची रचनाच असते. विजेचे चार दिवे लावलेल्या दिवाणखान्यात घागरीवर चार खिडक्या, आठ सावल्या आणि एकूण गोंधळ दिसतो. उत्तरेच्या उजेडाची जी ख्याती आहे ती तो दिवसभर फारसा बदलत नाही म्हणून. मात्र मुंबई १९ अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत पावसाचे ढग नसतील तर उत्तरेची खिडकीही थोडी दगा देते.

बसल्यावर लगेच रंग काढू नये. डोळे किलकिले करून घागरीकडे पुष्कळ वेळ पाहावे. तिच्या फुगीर पोटावर सगळी खोली आक्रसून बसलेली दिसेल. खिडकी म्हणजे एक वाकडा, अरुंद, चौकोनी तुकडा, ज्याच्या उभ्या कडा पोटाच्या वळणाबरोबर वाकलेल्या आहेत आणि गजांच्या काळ्या रेघाही त्यांच्याबरोबर वाकल्या आहेत. मधोमध एक गडद उभा डाग दिसतो, तो खुद्द चित्रकाराचा. पोटाच्या खालच्या अंगाला पाटाचे लाकूड उमटते, उबदार तपकिरी, आणि पाटाची कड तेथे धनुष्यासारखी वर उचललेली असते. दोन्ही बाजूंच्या कडांकडे जावे तशी खोलीच्या बाजूच्या भिंती दाबल्या जाऊन केसाएवढ्या बारीक पट्ट्या होतात. अगदी कडेवर आणखी एक सूक्ष्म गोष्ट घडते: तेथे प्रकाश फार तिरपा लागत असल्याने तांबे त्याला रंगवण्याचे काम जवळजवळ सोडून देते, आणि कडेचा तो धागा पोटापेक्षा फिका, निस्तेज, मागच्या लुगड्याच्या रंगाला जवळचा दिसतो. हा धागा ज्याने पाहिला आणि रंगवला त्याची घागर कागदी चिकटकामासारखी न दिसता मागे वळलेली दिसते. गळ्यापाशी घाट उलट वळतो, तेथे उभ्या दिशेने तो अंतर्वक्र होतो, आणि म्हणून गळ्यातली खिडकी डोके खाली करून उभी असते. काठाच्या आत डोकावले तर सगळ्यांत मोठे आश्चर्य दिसते. आतला रंग बाहेरच्यापेक्षा किती तरी तांबडा, जवळजवळ निखाऱ्याचा असतो. कारण एवढेच, की आत शिरलेला प्रकाश एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत बाहेर येतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्यातील निळे-हिरवे पुन्हा वजा होते. दोन तांब्याची भांडी शेजारी ठेवली तर त्यांच्या समोरासमोरच्या अंगांवरही हाच प्रकार होतो.

पॅलेटवर मी जे रंग घेतो ते नेहमीचेच आहेत आणि मुंबईत कोणत्याही कलासाहित्याच्या दुकानात मिळतात: बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, कॅडमियम ऑरेंज, कॅडमियम रेड, अॅलिझरिन क्रिम्झन, अल्ट्रामरीन, नेपल्स यलो आणि टायटॅनियम व्हाइट. यांपैकी बर्न्ट सिएना हा या दरबारातील दिवाण समजावा. तो मूळचा इटलीतील सिएना गावाच्या नावाची भाजलेली माती, पारदर्शक, पातळ लावला तर आतून उजळणारा आणि जाड लावला तर खोल जाणारा. घागरीच्या मध्यम छटेसाठी बर्न्ट सिएनात थोडा यलो ऑकर आणि त्याहून थोडा कॅडमियम रेड मिसळावा. ऑकरचे प्रमाण वाढले की भांडे पितळेकडे झुकते, आणि पितळ व तांबे यांतला भेद चित्रात बहुधा येथेच बिघडतो. पितळेच्या छाया हिरवट असतात, तांब्याच्या छाया तांबूस किंवा जांभळट. ही खूण ज्याने मनाशी पक्की धरली त्याची एक मोठी अडचण संपली.

गडद पट्ट्यांसाठी काळ्या रंगाची नळी उघडू नये. काळा घातला की सावली मरते. बर्न्ट अंबर, अॅलिझरिन आणि अल्ट्रामरीनचा अगदी थोडा अंश यांचे मिश्रण काळ्याइतकेच खोल होते, पण त्यात ऊब शिल्लक राहते. जेथे आकाशाचा किंवा लुगड्याचा निळा उमटला असेल तेथे अल्ट्रामरीन वाढवावा, जेथे पाटाचे लाकूड उमटले असेल तेथे अंबर. उजळ भाग हा खरा कसोटीचा. येथे बहुतेकांचा हात आपोआप पांढऱ्याकडे जातो, आणि बर्न्ट सिएनात नुसता पांढरा मिसळला की जो पिठूळ, थंड गुलाबी रंग तयार होतो त्याचा तांब्याशी काही संबंध नसतो. पांढरा रंग कोणत्याही उबदार रंगाला उजळ करतानाच गार करीत असतो, म्हणून त्या गारव्याची भरपाई कॅडमियम ऑरेंजने करावी लागते. माझा क्रम असा: आधी कॅडमियम ऑरेंजमध्ये ऑकरचा अंश घालून उबदार उजळ छटा करावी, मग तीत पांढरा थेंबाथेंबाने वाढवावा, आणि अगदी वरच्या टोकाला नेपल्स यलो व पांढरा यांत ऑरेंजचा केवळ संशय येईल इतकाच अंश ठेवावा. खिडकीच्या प्रतिबिंबाचा गाभा जवळजवळ पांढरा दिसतो, कारण तेथील प्रकाश डोळ्यांच्या आटोक्याबाहेरचा असतो. पण त्या गाभ्याची किनार नारिंगी असते, आणि ती किनार नसेल तर पांढरा ठिपका भांड्यावर चिकटवलेल्या कागदासारखा वाटतो. हा शेवटचा फटका जाड रंगाचा, एकाच वेळी, पुन्हा न चोळता लावावा.

करड्या रंगांविषयी एक शब्द वेगळा सांगणे अवश्य आहे, कारण तांब्याचे तेज निम्मे त्यांच्यावर अवलंबून असते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग पांढऱ्यात मिसळले तर निळसर करड्यापासून तपकिरी करड्यापर्यंतची सारी रांग हाती येते, आणि घागरीवरचे आकाशाचे जांभळट प्रतिबिंब याच रांगेत कोठे तरी सापडते. सगळी घागर नारिंगीच्या चढत्या-उतरत्या छटांनी भरली तर ती गोड होते, चमकत नाही. तिच्या पोटावर योग्य जागी असा एक मुका करडा पट्टा आला, की शेजारचा नारिंगी रंग न बदलताच दुप्पट पेटतो.

सोनेरी किंवा तांबूस धातूची पूड रंगात मिसळून हे सगळे कष्ट वाचवता येतील असे काहींना वाटते. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या मुकुटावर, बाजूबंदावर सोनेरी रंग चढवतात तो तेथे पूर्णपणे शोभतो, कारण मूर्ती त्रिमित असते आणि तिच्या भोवती खराखुरा उजेड खेळत असतो. सपाट कॅनव्हासवर मात्र ती पूड चित्रातल्या खिडकीला जुमानीत नाही, ती चित्र जेथे टांगले असेल त्या खोलीतल्या दिव्याचे ऐकते; पाहणारा दोन पावले सरकला की उजळाचे काळे आणि काळ्याचे उजळ होते आणि घाट मोडून पडतो. शिवाय तांब्याची पूड जवसाच्या तेलातील आम्लांच्या सहवासात काळवंडते, हिरवी पडते. लिऑन बत्तिस्ता अल्बेर्ती या इटालियन पंडिताने १४३५ साली चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात हाच निवाडा दिला होता, की सोन्याचा मुलामा देण्यापेक्षा सोन्याची झळाळी साध्या रंगांनी साधणाऱ्या चित्रकाराची वाहवा अधिक. राजा रविवर्म्याने तंजावरच्या चित्रांतील सोन्याच्या वर्खाची वाट सोडून जर, दागिने आणि धातूची भांडी केवळ तैलरंगात उतरवली, तेव्हा तोही याच मताचा ठरला. त्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीस गेला. त्या छापील तसबिरींतील देवतांच्या अलंकारांनाही झळाळी आली ती शिळेवरून एकावर एक छापलेल्या साध्या शाईंची. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दीनानाथ दलालांनी किंवा रघुवीर मुळगावकरांनी काढलेली समई आठवून पाहावी; ठशांवरून छापलेल्या पिवळ्या, तांबड्या, निळ्या आणि काळ्या शाईत पितळ कोठे होते?

जुन्या, वापरातल्या भांड्याचे सौंदर्य नव्या चकचकीत भांड्याहून निराळे असते आणि माझ्या मते ते रंगवण्यास अधिक समृद्ध असते. तांब्यावर हवेने आधी तांबूस-तपकिरी प्राणिदाचा थर येतो, मग तो काळवंडतो, आणि जेथे ओल व खटाई साचते तेथे हिरवा कळंक धरतो. या थराखाली चकाकी नाहीशी होत नाही, पसरते. खिडकीचा धारदार चौकोन विरघळून एक मंद, तुपकट उजाळा होतो, आणि अशा वेळी कडा मऊ करणे योग्यच ठरते. बंबाच्या जाळीलगतच्या भागावर उष्णतेने जांभळ्या, निळसर, सोनेरी छटांचे कडे उठलेले असतात. त्या सूक्ष्म पापुद्र्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या खेळाने त्या दिसतात, आणि त्यांच्याखाली काजळीचा मखमली काळा. कल्हई केलेल्या पातेल्याची तऱ्हा आणखी वेगळी. नवसागर टाकून तापल्या भांड्यात कथील फिरवले की आतले अंग रुपेरी होते. तेव्हा काठाच्या एका बाजूला चांदीसारखे गार करडे आणि दुसऱ्या बाजूला तांब्याचे उबदार नारिंगी अशी सीमा पडते, आणि आतल्या अंगात मघाशी सांगितलेला निखारा नसतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत भांड्यावर ठोके घालून जे मठारकाम करतात ते असलेले घंगाळ समोर असेल, तर प्रत्येक ठोका हा स्वतंत्र लहानसा आरसा असतो आणि प्रत्येकात खिडकी असते. ते सगळे ठोके रंगवू नयेत. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरचे दहा-वीस नीट रंगवावेत, बाकीचे सुचवावेत. डोळा उरलेला हिशेब स्वतः पुरा करतो.

कामाच्या क्रमाबाबत मुंबईच्या हवेचा विचार करणे भाग आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत ही क्रिया रेंगाळते. बर्न्ट अंबर त्यातील मँगनीजमुळे लवकर सुकतो, अॅलिझरिन आणि कॅडमियमचे रंग फार उशिरा. म्हणून पहिला थर टर्पेन्टाइनने पातळ केलेल्या अंबर-सिएनाने करावा, त्यात केवळ उजेड-अंधाराचा बंदोबस्त पुरा करावा, आणि तो सुकल्यावर अधिक तेलाचे वरचे थर द्यावेत. उलट केले तर पुढे भेगा पडतात. सगळे पक्के सुकल्यावर मध्यम छटेवर बर्न्ट सिएनाचा तेलात पातळ केलेला एक पारदर्शक हात फिरवला तर तांब्याला जी खोली येते ती थेट मिश्रणाने येत नाही. मात्र हा हात उजळ टोकांवर चुकूनही जाऊ देऊ नये. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नये, मागून बुरशी धरते. कॅडमियमचे रंग विषारी आहेत, तेव्हा कुंचला तोंडात धरण्याची खोड असेल तर ती सोडावी आणि हात धुतल्यावाचून खाण्याला लावू नयेत.

तांबे रंगवण्यात जगात ज्याचे नाव आदराने घ्यावे असा चित्रकार म्हणजे अठराव्या शतकातील फ्रेंच जाँ-सिमेआँ शार्दँ. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात त्याचे तांब्याच्या पाण्याच्या टाकीचे एक लहानसे चित्र आहे, सुमारे १७३४ चे. तीन पायांवर उभी असलेली, खाली तोटी असलेली ती झाकणाची टाकी पाहून कोणाही मराठी माणसाला आपल्या बंबाची आठवण होईल, जरी तिच्यात निखारे नसत आणि ती केवळ पाणी साठवण्यासाठी होती. त्या चित्रात डोळे दिपवणारे असे काही नाही. तांबे बरेचसे तपकिरी आहे, पांढरा रंग अत्यंत काटकसरीने खर्ची पडला आहे, आणि तरी ते भांडे किती जड आहे, किती जुने आहे, त्याला रोज किती हात लागले आहेत, हे सारे कळते. चित्रकाराने तांब्याला उजळवण्याची घाई केली नाही. त्याने भोवतालच्या भिंतीचा, फरशीचा आणि हवेचा तपशील त्या तांब्यात उतरू दिला.

गिरगावातल्या, दादरमधल्या आणि परळ-लालबागमधल्या शाळांत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी वस्तुचित्राचा सराव आजही होतो, पण मांडणीच्या कपाटात आता प्लॅस्टिकची बादली आणि स्टीलचा डबा असतो. तांब्याचे भांडे क्वचितच. दुसरीकडे, चाळींचे पुनर्विकासाचे करार झाले की माळ्यावरचा हंडा आणि बंब सर्वप्रथम मोडीत निघतात आणि वजनावर विकले जातात. माझी चित्रकला शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती आहे, की घर रिकामे करताना एखादे तांब्याचे भांडे मोडीच्या तराजूत न घालता जवळच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाला द्यावे, आणि शिक्षकांनी ते महिन्यातून एकदा तरी घासून, खिडकीपाशी ठेवून, मुलांना त्याच्यासमोर रंग न काढता तासभर नुसते बसवावे.